निवळ आणि सडवा

लाल वाइन बाटलीतून रुंद बुडाच्या काचेच्या भांड्यात हलक्या हाताने ओतून घेण्याच्या क्रियेला मराठीत शब्द नाही, म्हणून ‘डिकँट करणे’ असेच म्हणावे लागते, असे सांगणारे लोक अलीकडे भेटू लागले आहेत. हे म्हणणे खरे नाही. चुन्याची निवळी काढणे, ताकावर आलेली निवळी ओतून टाकणे, पावसाळ्यातले नदीचे गढूळ पाणी रात्रभर स्थिर ठेवून सकाळी वरचे तेवढे दुसऱ्या हंड्यात घेणे, ही कामे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली. गाळ तळाशी बसू द्यायचा, भांड्याला धक्का लागू द्यायचा नाही आणि वरचे नितळ झालेले तेवढे धार न तोडता ओतून घ्यायचे. डिकँटर वापरणारा मनुष्य याहून वेगळे काही करत नाही. ‘निवळणे’ आणि ‘निवळ काढणे’ यांनी त्याचे काम भागते. पाणी स्वच्छ व्हावे म्हणून ज्या झाडाच्या बिया मडक्याच्या आतल्या अंगाला उगाळून लावत, त्या झाडालाच मराठीत निवळी म्हणतात. संस्कृतात त्याचे नाव कतक. कतकाचे फळ पाणी निवळते खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, अशा अर्थाचा दृष्टान्त मनुस्मृतीत आला आहे. परिभाषेची हौस असणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

अर्थात शब्द आहे की नाही, एवढाच प्रश्न असता तर त्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. शब्द असून तो आठवत का नाही, हा खरा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की, मराठीत मद्याविषयी बोलण्याच्या दोनच रीती आज शिल्लक आहेत. एक, परक्या पुस्तकांतून उचललेली वाइनची परिभाषा. दुसरी, पंचनाम्याची भाषा. या दोहोंच्या मध्ये जी चवीची भाषा असायला हवी, ती आपल्याजवळ आहे. परंतु ती कोणत्या पेयासाठी वापरायची आणि कोणत्या पेयाला नाकारायची, हे जिभेने ठरवलेले नाही. ते कायद्याने आणि प्रतिष्ठेने ठरवले आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्याला हे जितके उघड दिसते, तितके पुण्या-नाशिकला बहुधा दिसत नसावे.

गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला आणि १९९३ पासून तिथे दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ रोजी दारूबंदी लागू झाली आणि २०२१ च्या मे महिन्यात ती उठवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. म्हणजे वैनगंगेच्या अलीकडे जी बाटली दुकानात उघड मांडलेली असते, ती पुलावरून पलीकडे नेली की मुद्देमाल होते. जंगल मात्र दोन्ही तीरांवर सारखेच आहे. साग, तेंदू, हिरडा, बेहडा, धायटी, मोह.

बंदी उठल्यानंतरच्या एका हिवाळ्यात चंद्रपुरात एका स्नेह्यांच्या घरी आम्ही पाचसहा जण जमलो होतो. बहुतेक अध्यापक, त्यांतले दोघे निवृत्त. (परवान्यांची बाब रीतसर होती, हे शंकेखोरांसाठी सांगून ठेवतो.) यजमानांच्या मुलाने नाशिकहून तीन लाल वाइन आणल्या होत्या, एक शिराझ, एक कॅबरने सोव्हिन्याँ आणि एक झिनफँडेल, त्यांच्यासोबत उपकरणांची एक पेटीही होती. तीत लांब मानेचा डिकँटर, बारीक जाळी बसवलेले स्टीलचे नरसाळे, बाटलीच्या तोंडात खोचायची तोटी आणि बाजूच्या छिद्रांतून हवा ओढत गुळगुळ आवाज करणारे एक हातातले यंत्र, असा सरंजाम होता. तो पाहून एका सहकाऱ्याने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेची आठवण काढली.

उपकरणांविषयीचा निष्कर्ष आधी सांगून टाकतो, कारण तो फारसा गुंतागुंतीचा नाही. वाइन निवळण्यामागे दोन हेतू असतात आणि ते नेहमी एकत्र कालवले जातात. जुन्या लाल वाइनमध्ये टॅनिन आणि रंगद्रव्ये वर्षानुवर्षांत एकमेकांना चिकटून जड होतात व तळाशी बसतात. हा गाळ पेल्यात उतरू नये म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवायची, ओतताना तिच्या मानेमागे दिवा धरायचा आणि गाळाची पहिली रेघ मानेशी आली की थांबायचे. हे खरे निवळणे. दुसरा हेतू कोवळ्या वाइनला हवा देण्याचा. याविषयी जाणकारांत एकमत नाही. बोर्दोचे नामवंत वाइनतज्ज्ञ एमील पेनो यांनी तर गाळ असेल तरच निवळ काढावी आणि तीही पिण्याच्या अगदी आधी, हवेने लाभापेक्षा हानीच अधिक होते, असे मत मांडले होते. आमच्या तिन्ही वाइन दोन-तीन वर्षांच्या होत्या, त्यामुळे नरसाळ्याच्या जाळीत काहीच अडकले नाही. शिराझ आम्ही तीन प्रकारे चाखली. बाटलीतून थेट, तोटीतून आणि तासभर डिकँटरमध्ये ठेवून. पेल्यांच्या बुडाशी आकडे चिकटवले होते आणि ते ओतणाऱ्यालाच ठाऊक होते. तासभर ठेवलेली बहुतेकांनी ओळखली. तिच्यातला सुरुवातीचा विझलेल्या काडीसारखा वास उडून गेला होता. थेट ओतलेली आणि तोटीतून आलेली यांत मात्र कोणालाच खात्रीने भेद करता आला नाही. यजमानांच्या मुलाचा थोडा विरस झाला, कारण त्या तोटीची किंमत बाटलीहून जास्त होती.

सर्वांत मोठा फरक केला तो घरातल्या फ्रिजने. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी, हा नियम ज्यांनी घालून दिला त्यांच्या खोल्या सोळा ते अठरा अंशांच्या होत्या. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि हिवाळ्यातही दारे लावलेली बैठकीची खोली, त्यात सहा माणसे, म्हटल्यावर युरोपची खोली होत नाही. उबदार वाइनमधून आधी मद्यार्काचाच भपकारा येतो आणि बाकीचे वास त्याच्याआड जातात. शेवटी डिकँटरला ओले फडके गुंडाळून पंख्याखाली ठेवले, माठाच्या न्यायाने. त्या संध्याकाळचे सर्वांत उपयोगी उपकरण ते फडके होते, असे माझे मत आहे.

पण मला सांगायचे आहे ते चिठ्ठ्यांविषयी. प्रत्येकाने प्रत्येक पेल्याबद्दल दोनचार शब्द लिहायचे, असे ठरले होते. ज्यांनी वाइनवरची पुस्तके चाळली होती त्यांच्या चिठ्ठ्यांत ब्लॅकबेरी, सीडर, तंबाखू, चामडे असे शब्द आले. त्यांपैकी कोणीही ब्लॅकबेरी खाल्लेली नव्हती. सीडरचे लाकूड तर पेन्सिलीपलीकडे कोणाच्या हाताला लागले नसावे. ब्रह्मपुरीकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी पुस्तके चाळली नव्हती. त्यांनी लिहिले होते, ‘जांभूळ खाऊन झाल्यावर जीभ जशी होते तशी. मागून हिरडा. वास तेंदूपत्त्याच्या फळीवरचा.’ फळी म्हणजे तेंदूची पाने मोजून वाळत घालण्याची जागा. ज्याने मे महिन्यात तिथून चालत जाऊन पाहिले आहे, त्याला तो कोरडा, गोडसर, तंबाखूच्या शेजारचा वास समजावून सांगावा लागत नाही. टॅनिन म्हणजे काय, हेही हिरडा चघळलेल्याला सांगावे लागत नाही. चामडे कमावण्यासाठी हिरडा वापरतात तो त्यातल्या टॅनिनसाठीच. म्हणजे पुस्तकवाल्यांच्या ‘चामड्या’पेक्षा गुरुजींचा ‘हिरडा’ मूळ कारणाच्या एक पायरी जवळ होता.

यातून लगेच स्वदेशीचा झेंडा उभारण्याचा माझा विचार नाही. परकी परिभाषा वाईट आणि आपली चांगली, इतके ते सोपे नसते. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग प्रख्यात आहे. पांढऱ्या वाइनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळून ती चोपन्न जणांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला लावायच्या शब्दांत केले. शब्द नाकातून आले नव्हते, डोळ्यांतून आले होते. आमच्या गुरुजींच्या जांभळालाही पेल्याच्या जांभळ्या रंगाने हात दिला नसेल, असे म्हणवत नाही. मुद्दा एवढाच की, हिरड्याची तपासणी करता येते. हिरडा तोंडात टाकून पाहता येतो. न खाल्लेल्या ब्लॅकबेरीची तपासणी करता येत नाही. आणि जे विधान तपासता येत नाही, ते आस्वादाचे विधान नसून दीक्षेचा मंत्र असते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे ह्यूमची आठवण व्हायला हवी. अभिरुचीच्या निकषावरच्या १७५७ च्या निबंधात त्याने ‘डॉन किहोटे’मधली सँचो पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट वापरली आहे. पिंपातली वाइन चाखून एक म्हणतो, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, चांगली आहे, पण लोखंडाची लागते. लोक दोघांना हसतात. पुढे पिंप रिते केल्यावर तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली एक जुनी किल्ली सापडते. ह्यूमला त्यातून सूक्ष्म अभिरुचीचा पुरावा मिळाला. कांटने १७९० मध्ये नेमके उलट टोक धरले. कॅनरी बेटांची वाइन सुखद आहे, असे म्हणणाऱ्याने ‘मला सुखद आहे’ एवढेच म्हणावे. सौंदर्याच्या विधानाला सर्वांच्या संमतीची जी अपेक्षा असते ती इथे नाही. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे हा वाद आपल्या अभ्यासक्रमांत शिरला, पण त्यातली वाइन वर्गात पोचेपर्यंत उडून जाते आणि उरतात ती फक्त कलमे.

आपल्याकडे याच प्रश्नाला तिसरे उत्तर आहे. भरताने रसाची संकल्पना समजावताना पाकसिद्धीचा दाखला घेतला, आणि अभिनवगुप्तापासून पुढच्या आलंकारिकांनी ‘पानकरसन्याय’ वापरला. पानक म्हणजे साखर, मिरी वगैरे घालून केलेले पन्हे. त्यात साखर आहे, मिरी आहे, परंतु पिणाऱ्याला जो रस लागतो तो यांपैकी एकही नाही, त्यांची बेरीजही नाही. विभाव-अनुभावांतून होणारी रसाची चर्वणा तशीच. वाइनच्या आजच्या टिपणांपुढे हा न्याय ठेवून पाहावा. टिपण घटक सुटे करत जाते, जणू प्रत्येक पिंपाच्या तळाशी किल्लीच सापडायची आहे. चांगल्या वाइनमध्ये घटकांची यादी संपल्यावर जे उरते त्याला त्या परिभाषेत ‘समतोल’ याखेरीज फारसे नाव नाही. गंमत म्हणजे नाशिकच्या सुला कंपनीच्या वरच्या श्रेणीतल्या लाल वाइनचे नाव ‘रासा’ आहे. रसविचार बाटलीवर पोचला आहे, टिपणात पोचायचा आहे.

मात्र आपल्या ‘आस्वादक समीक्षे’ने पानकरसाचा आधार घेऊन जे केले, तेही अभिमानाने सांगण्यासारखे नाही. घटक मोजायचे नाहीत, या सबबीखाली काहीच नेमके म्हणायचे नाही, अशी तिची सवय झाली. ‘तरल’, ‘हळुवार’, ‘भावगर्भ’, ‘मातीचा गंध असलेली’. कोणती माती? भाताच्या बांधीतली, पहिल्या पावसातली की कोळशाच्या खाणीलगतची? चंद्रपुरात तरी हा प्रश्न खोडसाळ ठरत नाही. ब्लॅकबेरीला हसण्याआधी आपण आपल्या पुस्तकपरीक्षणांतला हा मातीचा गंध एकदा निवळून पाहायला हवा.

वास्तविक मराठीची चवीची सामग्री फार बारीक आहे. आंबूस, आंबटसर, आंबट, आंबटढाण, गोडसर, गोड, गोडमिट्ट, कडवट, कडू, कडूजहर, खारवट, खारट, तिखट, तिखटजाळ. एकाच चवीच्या या पायऱ्या कोणालाही शिकवाव्या लागत नाहीत. वासांना खमंग, कुबट, आंबूस, उग्र, धुरकट, मातकट, कोंदट. शिवाय वास, दरवळ, दर्प आणि भपकारा ही तीव्रतेची चढण वेगळी. तुरट ही तर आपल्या परंपरेत स्वतंत्र चव, षड्रसांपैकी एक. पाश्चात्त्य गणतीत ती मूळ चवींत धरलेली नाही, तोंडातला स्पर्श म्हणून बाजूला काढली आहे. लाल वाइनचा कणाच तुरटपणाचा असतो, हे लक्षात घेतले तर वाइनविषयी मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती सुरुवातीलाच केवढे भांडवल आहे, ते कळेल. ‘मुरणे’ हा शब्द लोणच्याला आणि माणसाला लावतो तो आपण वाइनला लावत नाही, ‘एज होणे’ म्हणतो. का, ते मला समजलेले नाही.

आता दुसऱ्या तीराकडे. द्राक्षाचा रस आंबवला की मराठी वर्तमानपत्र त्याला किण्वनप्रक्रिया म्हणते. मोहाची फुले आंबवली की त्याला सडवा म्हणते. यीस्ट तेच, साखरेचे मद्यार्क होणे तेच, बुडबुडे तेच. गडचिरोलीच्या बातम्यांत ‘मोहसडवा नष्ट’ हे शब्द इतक्या वेळा येतात की, ते एकच सामासिक पद असावे असे वाटू लागते. दारू गाळणारे स्वतः सडवाच म्हणतात, हे खरे. कारागिराच्या तोंडी तो शब्द निव्वळ कामाचा असतो. बातमीत तो येतो तेव्हा त्यातली सड तेवढी ऐकू येते. फ्रान्सच्या सोतेर्न भागात द्राक्षांवर चढणाऱ्या बुरशीला ‘उदात्त कूज’ अशा अर्थाचे नाव आहे आणि त्या कुजीची किंमत मोजली जाते. कूज सगळीकडे कूजच असते. उदात्त कोणती, हे ठरवणारे वेगळे असतात.

मोहाचे नावही त्याच्या विरुद्ध गेले. झाडाचे नाव संस्कृत ‘मधूक’, प्राकृत ‘महुअ’ या वाटेने आले. भुरळ या अर्थाचा ‘मोह’ ‘मुह्’ धातूतून. दोघांचे व्युत्पत्तीचे नाते काही नाही. ध्वनी झिजत झिजत दोन वाटसरू एका धर्मशाळेत उतरावेत तसे ते एका उच्चारात उतरले, आणि तेव्हापासून व्याख्यानांत, घोषणांत आणि कवितांत झाडाला फुकट पाप लागले. सिरोंच्याच्या तेलुगू बोलणाऱ्यांत त्याच झाडाला ‘इप्प’ म्हणतात; तिथे हा श्लेष संभवतच नाही. चरकसंहितेत मधूकासव आहे. द्राक्षासव आजही औषधांच्या दुकानात मिळते, ते आंबवण्यासाठी धायटीची फुले घालतात आणि धायटी आमच्याच जंगलातली. तिच्यावर कोणी श्लेष केल्याचे ऐकिवात नाही.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले गळतात. झाडाखालचा पाचोळा आधी झाडून किंवा जाळून साफ केलेला असतो. उन्हे वर येईपर्यंत बायका आणि मुले टोपल्या भरतात. दुधी, रसाळ फुले अंगणात वाळून तांबूस-तपकिरी होतात, मनुकांसारखी. ती उकडून खातात, साठवतात, विकतात. दारू हा त्यांच्या उपयोगांपैकी एक. जन्म, लग्न, मरण आणि पेरणीच्या विधींत गोंड व माडिया समाजांत ती देवाला आणि पूर्वजांना आधी वाहिली जाते, मग माणसांना. छत्तीसगडात आदिवासींना घरगुती वापरापुरती ती गाळण्याची मुभा आहे. बस्तरमधल्या एका घरी मला ती पानाच्या द्रोणात मिळाली, भोपळ्याच्या तुंब्यातून ओतलेली. आधी धूर, लाकडाच्या जाळाचा. मग वाळल्या मनुकेची गोडसर आठवण, पण जिभेवर प्रत्यक्ष गोडी नाही. शेवटी घशाशी किंचित कडवट आणि ऊब. ही पहिली धार, पुढची पाणचट, असे घरधन्याने सांगितले. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीतला बहुधा एकमेव अस्सल मद्यास्वादाचा शब्दप्रयोग असावा. कवितेलाही आपण तो लावतो. कोठून आला ते विसरलो आहोत.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो यायलाच हवा. ज्या जिल्ह्यांतल्या स्त्रिया दारूविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तिथे बसून दारूच्या चवीची चर्चा करणे ही चैन आहे. गडचिरोलीत १९९३ च्या बंदीमागे डॉ. अभय व राणी बंग यांच्यासह गावोगावच्या लोकांचे, विशेषतः स्त्रियांचे, काही वर्षांचे आंदोलन होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या स्त्रिया २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. त्या चालल्या त्या कोणत्याही सौंदर्यविचाराविरुद्ध नव्हे. मजुरीच्या पैशांसाठी, रात्रीच्या मारहाणीविरुद्ध. त्यांच्या मागणीपुढे माझ्या हिरडा-जांभळाचे वजन काहीच नाही. बंदी असावी की नसावी, यावर मी इथे निकाल देत नाही, आणि चंद्रपुरात बंदीच्या काळात चोरून आलेल्या दारूचे जे झाले तेही त्या वादात दोन्ही बाजूंनी वापरून झाले आहे.

तरीही माझे म्हणणे मागे घ्यावे असे मला वाटत नाही. ज्या दारूने घरे मोडली ती कोणी चवीने प्यालेली नव्हती. देशीची बाटली घशाखाली उतरवतात ती चव टाळून, म्हणून तर सोबत मीठ किंवा शेव लागते. गूळ आणि नवसागर घालून घाईने गाळलेली, उधारीवर विकलेली दारू आणि पेरणीआधी द्रोणात वाढलेली मोहाची दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो भेद गावातली बाई जाणते, गायता जाणतो. पंचनाम्याला तो करता येत नाही, कारण त्याच्याजवळ ‘अंदाजे इतके लिटर’ याखेरीज विशेषण नाही. चवीचे शब्द गेले की भेद करण्याची सोय जाते. मग सगळी दारू एकच होते, आणि एकदा ती एकच झाली की बंदीच्या बाजूने बोलणाराही धड बोलू शकत नाही, विरुद्ध बोलणाराही नाही.

सरकारला भेद करता येत नाही असे मात्र नाही. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले आणि वाइनला करांत सवलती दिल्या. त्याचे नाशिक जिल्ह्याला झालेले लाभ डोळ्यांसमोर आहेत. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला. विरोधामुळे तो रेंगाळला, पण ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य त्या निमित्ताने राजकीय व्यासपीठांवरून घुमले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते वाक्य हास्यास्पद आहे. समाजशास्त्राच्या दृष्टीने त्याहून अचूक वाक्य सापडणे कठीण. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळवला आणि २०१६ मध्ये तिला राज्याचे वारसा-मद्य ठरवले. तिथे उर्राक आणि फेणी यांत भेद न करणाऱ्याला लोक अडाणी समजतात. मध्य प्रदेशाने अलीकडे मोहाच्या मद्याला वारशाच्या नावाने बाजार दिला. आपल्याकडे २०२१ मध्ये मोहफुले गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि नेण्यावरचे निर्बंध सैल झाले. तोवर फुलावरसुद्धा उत्पादनशुल्काची नजर होती. द्राक्षाचा घड बाळगणाऱ्याला कोणी हटकल्याचे स्मरत नाही.

वारशाचे लेबल लागले म्हणजे सगळे सुरळीत झाले, असेही मी मानत नाही. लेबलामागून कारखाना येईल, त्यामागून टिपणे लिहिणारे येतील, आणि मोहाच्या दारूत एखाद्याला मेपल सिरप सापडेल. झाडाखाली पाचोळा झाडणारीच्या वाट्याला किलोमागे किती येणार, हा प्रश्न तेव्हा कोणत्या पेल्यात ओतायचा?

मराठी साहित्यानेही या बाबतीत फार काही केले, असे दिसत नाही. आदिवासी जीवनावर लिहिताना मोहाचा गंध हमखास येतो, ढोल आणि चांदणे यांच्यासोबत, नेपथ्याच्या यादीतल्यासारखा. तो कसा असतो, हे सांगण्याच्या फंदात क्वचितच कोणी पडते. ताज्या फुलांचा वास सर्वांनाच आवडतो असेही नाही. तो दाट, गोडमिट्ट, थोडा प्राण्याच्या अंगासारखा असतो आणि बंद खोलीत साठवलेली फुले डोके चढवतात. असो.

या उन्हाळ्यात मी पदवीच्या विद्यार्थ्यांना एक काम दिले होते. सुट्टीत घरी गेल्यावर मोहफुलांच्या वासाचे आणि चवीचे घरात वापरले जाणारे शब्द लिहून आणायचे. साहित्याच्या पुस्तकातला एकही नको. वह्या आल्या त्यांत ‘मनुकांसारखा’ पुष्कळ होते, ‘जुन्या गुळाचा’ दोघांकडे होता, एकाने ‘बैल बांधलेल्या कोठ्याचा, पण गोड’ असे लिहिले होते. एटापल्लीकडच्या एका मुलीने फक्त चार ओळी आणल्या. पहाटेच्या फुलांचा वास आणि दुपारपर्यंत उन्हात पडून राहिलेल्या फुलांचा वास वेगळा असतो. दुपारच्या वासाला आजीकडे शब्द आहे, पण तो माडियात आहे, तो मराठीच्या वहीत लिहिलेला चालेल का, असे तिने खाली विचारले होते. कानाला ऐकू येतो तसा देवनागरीत लिही, असे मी समासात लिहून वही परत केली आहे.